ओल्या थंडीसाठी उबदार जॅकेट कसे निवडावे

उणे १५ अंश तापमानात पडणारे हिम कोरडे असते आणि बाहीवरून हात फिरवला की झडून जाते. तापमान शून्याच्या जरासे वर असेल तर तेच हिम खांद्यावर पडताच विरघळते, पाण्यासह कापडात मुरते आणि मग वारा सुटला की अंगातली ऊब झपाट्याने ओढून नेते. म्हणून डोंगरात जाणाऱ्याने जॅकेट निवडताना ‘किती अंशांपर्यंत चालेल’ एवढेच विचारू नये. ‘भिजल्यावर त्याचे काय होईल’ हा प्रश्न त्याआधी विचारावा. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याशी पडणारा साधा पाऊस वर चढेपर्यंत याच घातक पट्ट्यात येऊन पोहोचलेला असतो.

जॅकेट स्वतः उष्णता निर्माण करत नाही. त्याच्या भरणात अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाण्यापासून रोखते, आणि हे रोखणे सर्वस्वी त्या भरणाच्या फुगीरपणावर अवलंबून असते. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट असल्यामुळे हवेची जागा पाण्याने घेतली की तेच जॅकेट उलट काम करू लागते. त्यात आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. भरणात २०० ग्रॅम पाणी मुरले असेल, तर ते वाफ होऊन जाण्यासाठी साधारण ४८० किलोजूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते. म्हणजे ते पाणी अंगावरच वाळवायचे ठरवले, तर शरीराची तासाहून अधिक काळाची सगळी उष्णता त्यातच खर्ची पडेल.

भरणाचे मुख्य प्रकार दोन: बदक किंवा हंसाच्या छातीवरची मऊ लव, जिला डाउन म्हणतात, आणि पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचे कृत्रिम भरण. वजनाच्या मानाने ऊब पाहिली तर डाउनला आजही तोड नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट वापरला होता, आणि कोरड्या थंडीसाठी ते तत्त्व अजून बदललेले नाही. डाउनच्या जॅकेटवर ६००, ८०० असा जो फिल पॉवरचा आकडा असतो, तो एक औंस लव किती घन इंच जागा व्यापते हे सांगतो. पण हा आकडा एकटा पाहून फसगत होते. ८०० फिल पॉवरची १०० ग्रॅम लव साधारण २,८०० घन इंच फुगते, तर ६०० ची १५० ग्रॅम लव ३,१०० च्या पुढे जाते. म्हणजे दुसरे जॅकेट जड असले तरी अधिक उबदार. भरणाचे वजन दिलेले नसेल तर नुसत्या फिल पॉवरवरून उबेचा अंदाज बांधता येत नाही.

ओल्या थंडीत मात्र हा सगळा हिशेब कोलमडतो. अखंड रिमझिमीत चार तास चालल्यानंतर माझ्या डाउन जॅकेटची काय अवस्था झाली होती, ते मला लख्ख आठवते. वरचे कापड नुसते ओलसर दिसत होते, पण सॅकचे पट्टे जिथे खांद्यांवर दाबले जात होते तिथले कप्पे हाताला रिकामेच लागले. सगळी लव कप्प्याच्या तळाशी सुपारीएवढ्या गोळ्यांत जमा झाली होती आणि मधल्या भागात कापडाच्या दोन पदरांखेरीज काहीच उरले नव्हते. त्या गोळ्या तंबूत रात्रभरात सुटल्या नाहीत. पाण्याला दाद न देणारी प्रक्रिया केलेली लव अलीकडे मिळते. ती भिजायला अधिक वेळ घेते आणि लवकर वाळते, तेव्हा धुके व दव यांच्यापुरती ती उपयोगी आहे. पण दिवसभराच्या पावसात ती कोरडी राहील असे समजू नये.

कृत्रिम भरणही भिजते आणि भिजल्यावर त्याचीही ऊब कमी होते, हे स्पष्ट सांगायला हवे. फरक असा की पॉलिएस्टरचे तंतू स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाहीत आणि ओले असतानाही बऱ्यापैकी आकार धरून राहतात. जॅकेट पिळून झटकले की ते पुन्हा थोडे फुगते आणि अंगावर घातल्याघातल्या काही ऊब देऊ लागते. त्यामुळे तापमान शून्याच्या आसपास, पाऊस किंवा ओले हिम अपेक्षित आणि मुक्कामाच्या जागी वाळवण्याची सोय नाही, अशा प्रवासासाठी माझे मत निःसंदिग्धपणे कृत्रिम भरणाच्या बाजूने आहे, मग ते थोडे जड झाले आणि सॅकमध्ये जास्त जागा खाऊ लागले तरी चालेल. कृत्रिम भरणाचे खरे वैगुण्य म्हणजे त्याचे आयुष्य. वारंवार दाबून भरल्याने त्याचे तंतू मोडतात आणि काही हंगामांत ते चपटे होते. डाउन नीट सांभाळले तर कितीतरी अधिक वर्षे टिकते.

कृत्रिम भरणाची जाडी प्रति चौरस मीटर किती ग्रॅम, यावर मोजली जाते. ६० ग्रॅमच्या आसपासचे भरण थंड हवेत हळूहळू चालताना किंवा छोट्या विश्रांतीला पुरते. थांबल्यावर, दोर सांभाळत उभे राहताना किंवा तळावर संध्याकाळी घालण्यासाठी १०० ते १३० ग्रॅमचे भरण लागते. पुष्कळ जॅकेटांत धडाला जाड आणि बाह्यांना पातळ भरण असते, आणि ही वाटणी योग्यच आहे. चढताना मात्र जाड जॅकेट घालूच नये. बाहेरचा पाऊस अडवला तरी आतून येणारा घाम तेच पाणी भरणात नेऊन सोडतो, आणि माथ्यावर पोहोचल्यावर कापरे भरते त्यामागे पुष्कळदा हा घामच असतो.

यावरून आकाराचा निर्णय ठरतो. पावसात थांबल्यावर रेनकोट काढून आत जॅकेट घालायचे म्हटले, तर ऐन गरजेच्या वेळी आतले कोरडे कपडे भिजतात आणि साठलेली ऊब निघून जाते. त्याऐवजी जॅकेट रेनकोटवरूनच चढवता येईल इतके सैल घ्यावे. दुकानात जाताना आपला रेनकोट आणि आतले सगळे थर सोबत न्यावेत, ते घालून वर जॅकेट चढवावे, आणि मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहावेत. कंबर उघडी पडत असेल किंवा पाठीवर कापड ताणून भरण दबत असेल, तर एक माप मोठे घ्यावे.

बाहेरच्या कापडाबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. कापडावर पाणी ओघळवून टाकणारा लेप असावा, पण त्याला जलरोधक समजण्याची चूक करू नये. सॅकचे पट्टे जिथे घासतात तिथे तो लवकर झिजतो. दुसरी गोष्ट शिवणीची. भरणाचे कप्पे करण्यासाठी जिथे टाके आरपार गेलेले असतात तिथे भरणाची जाडी शून्यावर येते आणि सुईच्या छिद्रांतून पाणी आत झिरपते. कृत्रिम भरण सलग थराच्या रूपात असेल तर त्याला कमी टाके पुरतात, म्हणून खांद्यांवर आणि बाह्यांच्या वरच्या बाजूला शिवणी नसलेले जॅकेट शोधावे. पूर्ण जलरोधक पडदा आणि भरण एकत्र असलेली जॅकेटेही मिळतात. ती बर्फात घसरण्याच्या खेळाला सोयीची असली, तरी पायी भटकंतीत ऊब आणि पाऊस-बचाव हे दोन थर वेगळे असणेच बरे, कारण चालताना पाऊस अडवायचा असतो पण ऊब नको असते.

टोपी जॅकेटला जोडलेली असावी, हेल्मेट वापरत असाल तर त्यावरून बसावी आणि दोरी ओढल्यावर मान वळवताना डोळ्यांवर येऊ नये. चेनच्या आतल्या बाजूला वारा अडवणारी पट्टी हवी. चेन खालूनही उघडणारी असली तर कमरेच्या पट्ट्याशी बांधलेल्या दोरापर्यंत हात पोहोचतो. आतल्या बाजूला जाळीचा मोठा खिसा असेल तर ओले हातमोजे तिथे ठेवून अंगाच्या उबेवर निदान थोडे वाळवता येतात. या सगळ्यांची पारख जाड हातमोजे घालूनच करावी. उघड्या बोटांनी सहज सरकणारी चेन हातमोज्यांत अनेकदा सापडतच नाही.

जॅकेट घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी दुकानदाराची हरकत नसल्याची खात्री करून, एक प्रयोग अवश्य करावा. कोरडे जॅकेट वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवावा. मग ते घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, दहा मिनिटे शॉवरच्या बारीक धारेखाली उभे राहावे आणि पुन्हा वजन करावे. त्यानंतर जॅकेट हलकेच दाबून पाणी काढावे, दोनदा झटकावे, आणि खांद्यावरचे भरण चिमटीत धरून पाहावे की ते पुन्हा उभारी धरते की तसेच बसून राहते.