डिस्क गोल्फची बॅग भरताना या चुका टाळा

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) फेकून कमीत कमी थ्रोमध्ये टोपलीत टाकण्याचा खेळ. लांब फेकायला ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज आणि टोपलीजवळ पटर अशा डिस्क असतात. अमेरिकेत याची बहुतेक मैदानं सार्वजनिक पार्कात असतात आणि खेळायला पैसे पडत नाहीत. म्हणून ऑफिसातल्या मित्रासोबत एक शनिवार खेळलं की लगेच आवड लागते, आणि त्याच रात्री डझनभर डिस्क मागवल्या जातात. बिघडायला सुरुवात होते ती इथे. पुढचं सगळं उजव्या हाताने बॅकहँड (हात अंगासमोरून ओढून) टाकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.

हात तयार नसताना वेगवान ड्रायव्हर घेणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि नुकसानही हीच सगळ्यात जास्त करते. प्रत्येक डिस्कचे चार आकडे असतात: स्पीड (किती वेगाने फेकावी लागते), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (आधी उजवीकडे किती झुकते, उणे आकडा मोठा तितकी जास्त) आणि फेड (शेवटी डावीकडे किती वळते). इनोव्हा कंपनीच्या डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे आकडे आहेत १२, ५, उणे १, ३. नवा माणूस १२ वाचतो आणि ही सगळ्यात लांब जाणार असं धरून चालतो. पण तो वेग डिस्क आणत नाही, तो तुमच्या हातातून यावा लागतो. पुरेसा वेग आणि फिरकी मिळाली तर ती आधी किंचित उजवीकडे झुकते आणि शेवटी डावीकडे वळते. वेग कमी पडला तर उजवीकडचा टप्पा येतच नाही. हवेचा दाब पुढच्या बाजूला उचल देतो, फिरणाऱ्या डिस्कवर त्या उचलीचा परिणाम डावीकडे कलण्यात होतो, आणि ती १५०-१८० फुटांवरच डावीकडे जमिनीत घुसते. शिवाय तिची कड दोन सेंटिमीटरहून रुंद असते. बोटांना ती नीट धरता येत नाही आणि सुटताना हमखास नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, वर होतं.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर याची किंमत लगेच कळते. तिथे चढउतार आहेत, घळी आहेत आणि झुडपांत पॉयझन ओक आहे, म्हणजे अंगाला लागली की चट्टे उठवणारी वनस्पती. प्रसंग ठरलेला असतो. नवा खेळाडू पाठीवरच्या मोठ्या बॅगेतून कोरा डिस्टन्स ड्रायव्हर काढतो, सगळा जोर लावतो, डिस्क डावीकडे वळून कडेवर पडते आणि घरंगळत घळीत जाते. शोधाशोध सुरू होते, मागे दोन ग्रुप खोळंबतात. डिस्क मिळत नाही. मग तो तसलीच दुसरी काढतो, या वेळी आणखी जोर लावतो, आणि तीही त्याच घळीत जाते. संध्याकाळपर्यंत हातावर लाल चट्टे. त्याच टीवरून (पहिला थ्रो घ्यायच्या जागेवरून) मिडरेंज टाकली असती तर ती सरळ गेली असती आणि दुसरा थ्रो मोकळ्या वाटेवरून (फेअरवेवरून) घेता आला असता.

माझा नियम कडक आहे: मिडरेंज सरळ २५० फूट जात नाही तोवर ९ च्या वर स्पीडची डिस्क बॅगेत नको. तपासायचं असेल तर रिकाम्या अमेरिकन फुटबॉल मैदानावर जा. गोल रेषेपासून समोरच्या गोल रेषेपर्यंत ३०० फूट असतात आणि मधल्या रेषांमुळे अंतर आयतं मोजता येतं. पटर, मिडरेंज आणि ड्रायव्हर प्रत्येकी पाच वेळा टाका. सगळ्यात चांगला थ्रो सोडून द्या, उरलेले चार बघा. ड्रायव्हर मिडरेंजपेक्षा ३० फूटही पुढे जात नसेल तर त्याला घरी ठेवा. आणि पटरसुद्धा वर चढून, अडखळून डावीकडे पडत असेल तर दोष डिस्कचा नाही, सोडताना नाक वर होतंय. तेव्हा नवी डिस्क घेऊ नका, मनगट आणि पकड सुधारा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता नाही.

एकच काम करणाऱ्या पाच डिस्क

बॅगेतल्या प्रत्येक डिस्कला वेगळं काम हवं. सरळ जाणारी मिडरेंज एक पुरे: डिस्क्राफ्टची बझ (५, ४, उणे १, १) घेतली की दुसरी शोधत बसू नये. उजवीकडे हलकं वळण हवं तिथे लेपर्ड (६, ५, उणे २, १). सरळ जाऊन खात्रीने डावीकडे संपणारी टीबर्ड (७, ५, ०, २). वारा, फोरहँड (बॅकहँडच्या उलट बाजूने टाकलेला थ्रो) आणि अडचणीतून सुटण्यासाठी एक ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे वळण्याचा कल असलेली, डिस्क: झोन (४, ३, ०, ३). वर एकाच साच्याचे (मॉडेलचे), एकाच प्लास्टिकचे दोन पटर. सहा डिस्क झाल्या. पहिल्या वर्षाला एवढ्या पुरतात.

दुहेरी डिस्क एकाच कारणासाठी चालते: एक नवी, एक झिजलेली. डीएक्ससारखं स्वस्त प्लास्टिक झाडांवर आपटून लवकर झिजतं आणि डिस्क अंडरस्टेबल होत जाते, म्हणजे उजवीकडे जास्त झुकू लागते. जुनी लेपर्ड टाकून देऊ नका, उजवीकडच्या वळणाला तिच्यासारखी दुसरी नाही.

बाकीच्या चुका

समोरून वारा असताना हलकी, तरंगणारी डिस्क काढणं. समोरच्या वाऱ्यात डिस्कला हवेचा वेग जास्त मिळतो आणि ती जास्त उजवीकडे उलटते. तिथे ओव्हरस्टेबल हवी. अंडरस्टेबल मागून वारा असेल तेव्हा.

डेन्व्हरला खेळायला जाताना घरचीच बॅग उचलणं. १६०० मीटर उंचीवर हवा विरळ असते, डिस्क उजवीकडे कमी झुकते आणि लवकर डावीकडे पडते. एक पायरी जास्त अंडरस्टेबल डिस्क न्या.

सगळ्या डिस्क जास्तीत जास्त वजनाच्या घेणं. नियमाने व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणून ड्रायव्हर साधारण १७५ ग्रॅमपर्यंत जातात. नव्या हाताला १६५ च्या आसपासचा ड्रायव्हर बरा. पटर मात्र जड असू द्या.

टोपलीत टाकायचे दोन थ्रो चुकले की पटर बदलणं. दहा मीटरच्या आत साच्यापेक्षा सवय मोठी. निदान एक हंगाम तोच पटर ठेवा.

गडद हिरव्या किंवा तपकिरी डिस्क घेणं. दुकानात छान दिसतात, गवतात आणि पाचोळ्यात सापडत नाहीत. गुलाबी, केशरी किंवा आकाशी घ्या.

उन्हाळ्यात बॅग गाडीच्या डिकीत सोडणं. स्वस्त प्लास्टिक वाकतं आणि वाकलेली डिस्क पूर्वीसारखी उडत नाही.

डिस्कवर नाव-फोन न लिहिणं. स्पर्धेत प्रत्येक डिस्कवर ओळखीची खूण लागतेच, आणि सापडलेली डिस्क फोन करून परत देणारे खेळाडू खूप आहेत. पक्क्या शाईच्या मार्करने आतल्या बाजूला लिहा आणि पुसट झालं की पुन्हा गिरवा.