कॅडमध्ये इन्व्होल्यूट दात काढताना: मध्यरेषेचा कोन आणि तीन दातांवरचे माप

भोसरीतल्या एका छोट्या डिझाइन कार्यालयात मी कामाला लागलो, तेव्हा माझ्याकडे स्वतंत्रपणे आलेला पहिला गिअर २ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप, मिमीमध्ये), २४ दातांचा आणि २० अंश प्रेशर अँगलचा (दाताच्या बाजूचा कल ठरवणारा कोन) साधा, सरळ दातांचा स्पर गिअर होता. पॅकिंग यंत्रातला जुना गिअर झिजला होता, एकच नग हवा होता आणि तो कडक केलेल्या प्लेटमधून वायरकटवर (तार आणि विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापून घ्यायचे ठरले होते. वायरकटवर, ही गोष्ट तेव्हा मला किरकोळ वाटली. आज या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सर्वांत आधी तेच विचारतो: हा दात शेवटी कशाने कापला जाणार आहे? हॉबिंग (हॉब नावाच्या फिरत्या कटरने दात पाडणे) असेल, तर दाताचा आकार हॉब आणि ब्लँक (अजून दात नसलेला तुकडा) यांच्या एकत्र फिरण्यातून आपोआप तयार होतो आणि तुमच्या मॉडेलमधली वक्ररेषा कारखान्यात कोणी पाहतही नाही. तिथे ड्रॉइंगवरच्या तक्त्यातले मॉड्यूल, दातांची संख्या, प्रेशर अँगल, बाहेरचा व्यास आणि बेस टँजंटचे (ठरावीक दातांवरून बाहेरून घेतलेले) माप बिनचूक असावे लागते. वायरकट, थ्रीडी प्रिंट किंवा प्लास्टिकचा साचा असेल, तर मात्र तुम्ही काढलेली रेषा हाच दात असतो आणि तिच्यातली चूक दुरुस्त करायला वाटेत कोणी नसते.

माझ्या गिअरचे हिशेब सोपे होते. पिच व्यास, म्हणजे दोन गिअर ज्या काल्पनिक वर्तुळांवर एकमेकांवर लोळतात त्याचा व्यास, मॉड्यूल गुणिले दात, ४८ मिमी. बाहेरचा व्यास ५२. मुळाचा व्यास ४३. आणि बेस सर्कलचा व्यास ४८ गुणिले कॉस २०, म्हणजे ४५.१०५ मिमी. बेस सर्कलवर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवत गेलो, की त्याचे टोक जी रेषा काढते तीच इन्व्होल्यूट, म्हणजे दाताच्या बाजूची वक्ररेषा. समीकरणात ती अशी मांडतात:

क्ष = बेस त्रिज्या × (कॉस थीटा + थीटा × साइन थीटा)
य = बेस त्रिज्या × (साइन थीटा − थीटा × कॉस थीटा)

यात सुट्या उभ्या असलेल्या थीटाला रेडियनच लागतो, कारण तो सुटलेल्या दोऱ्याची लांबी ठरवतो. क्रिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साइन आणि कॉस अंशांत चालतात, त्यामुळे तिथे एकाच समीकरणात कोन दोन एककांत लिहावा लागतो. हे लक्षात आले नाही, तर रेषा भलतीकडेच जाते आणि चूक निदान डोळ्यांना दिसते. बाहेरच्या व्यासापर्यंत पोहोचायला या गिअरमध्ये थीटा सुमारे ०.५७४ रेडियनपर्यंत जातो. काही सॉफ्टवेअर शून्यापासून सुरुवात करताना अडतात, कारण बेस सर्कलवर इन्व्होल्यूटची वक्रता-त्रिज्या शून्य असते. तिथे सुरुवात शून्याऐवजी अगदी लहान किमतीने करावी.

माझी चूक डोळ्यांना दिसणारी नव्हती. दाताची एक बाजू काढून झाली, की ती मध्यरेषेभोवती मिरर करायची असते. पिच सर्कलवर दाताचा अर्धा कोन ९० भागिले २४, म्हणजे ३.७५ अंश, ते बरोबर होते. पण हा कोन मी इन्व्होल्यूट जिथे पिच सर्कलला छेदते तिथून न मोजता, ती बेस सर्कलवर जिथे सुरू होते तिथून मोजला. या दोन बिंदूंमध्ये टॅन २० वजा रेडियनमधले २० अंश एवढे, म्हणजे ०.०१४९०४ रेडियन किंवा ०.८५४ अंशाचे अंतर असते. सुरुवातीच्या बिंदूपासून मध्यरेषा ४.६०४ अंशांवर हवी होती, मी ती ३.७५ वर ठेवली. पडद्यावर दात देखणा दिसत होता.

गिअर कापून आला, बसवला आणि हाताने हलवला तेव्हा त्यात मोठा खेळ जाणवला. मी सेंटर अंतरावर संशय घेत होतो. शॉपमधल्या एका जुन्या काकांनी गिअर उचलला, चकत्यांचा मायक्रोमीटर तीन दातांवर लावला आणि म्हणाले, "बाळा, तीन दातांवर १४.७६ येतंय. तुझ्या हिशेबाने किती यायला हवं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो हिशेब मी केलाच नव्हता. तो १५.४३३ येतो. दात पिच सर्कलवर ३.१४ ऐवजी २.४३ मिमी जाडीचा झाला होता.

त्या दिवसापासून कोणताही इन्व्होल्यूट दात मी बेस टँजंट तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही आणि त्यासाठी मायक्रोमीटरची वाटही पाहत नाही. कॅडमध्येच बेस सर्कलला स्पर्शिका काढायची, ती तीन दातांच्या दोन बाहेरच्या बाजूंना जिथे छेदते तिथले अंतर मोजायचे आणि सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहायचे. ही स्पर्शिका म्हणजे तोच ताणलेला दोरा आहे, म्हणून चकत्या थोड्या वर किंवा खाली टेकल्या तरी माप बदलत नाही; इन्व्होल्यूटची ही गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते. बॅकलॅशसाठी (दातांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीसाठी) दात बारीक करायचा असेल, तर तोही याच मापातून, ठरवून करावा.

मुळाकडच्या भागाबद्दल थोडक्यात: बेस सर्कलच्या आत इन्व्होल्यूट अस्तित्वातच नसते. २० अंशांच्या प्रमाणित दातात ४२ पेक्षा कमी दात असतील, तर मुळाचा व्यास बेस सर्कलपेक्षा लहान असतो. तिथे रेषा केंद्राकडे सरळ नेऊन फिलेट (कोपऱ्याला गोलाई) देण्याची पद्धत आहे. १७ पेक्षा कमी दातांना ती पुरत नाही. तिथे प्रोफाइल शिफ्टचा, म्हणजे दात केंद्रापासून थोडा सरकवून कापण्याचा, विचार करावाच लागतो. फ्रीकॅडमधल्या पार्ट डिझाइनमध्ये तयार इन्व्होल्यूट गिअर मिळतो आणि तो शिकायला चांगला आहे, पण पहिला दात स्वतः समीकरणातून काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

स्प्लाइनकडे, म्हणजे शाफ्ट आणि हब यांना दातांनी जोडणाऱ्या रचनेकडे, वळताना हे सगळे उपयोगी पडते, फक्त आकडे तसेच उचलता येत नाहीत. डीआयएन ५४८० या जर्मन मानकानुसार १२० × ३ × ३० × ३८ अशी खूण आली, की नवखा माणूस १२० हाच पिच व्यास धरतो. तो संदर्भ व्यास असतो. ३ मॉड्यूल आणि ३८ दातांचा पिच व्यास ११४ आहे, आणि ३० हा प्रेशर अँगल असल्यामुळे बेस व्यास ११४ गुणिले कॉस ३०, म्हणजे ९८.७२७ मिमी. दात आखूड असतात, प्रोफाइल शिफ्ट इथे ०.४५ येतो आणि शाफ्टचा बाहेरचा व्यास ११९.४ राहतो. शाफ्ट आणि हब हे माथ्यावर न टेकता दातांच्या बाजूंवर एकमेकांना धरतात. म्हणून मी दोन्ही मॉडेल एकाच असेंब्लीत ठेवून आडवा छेद घेतो, एक दात पडद्यावर मोठा करतो आणि बाजूंवरची फट ड्रॉइंगमधल्या फिटप्रमाणे आहे ना, माथ्यावर मोकळी जागा उरली आहे ना, हे मोजून पाहिल्यावरच फाइल पुढे देतो.