तीन चौकोनांची उत्तरं: इंग्रजी शब्दकोड्यातली लघुरूपं कशी ओळखायची

न्यू यॉर्क टाइम्सचं शब्दकोडं नव्याने हातात घेतलं की लोक लांबलचक उत्तरांना घाबरतात, पण अडतात ती तीन चौकोनांपाशी. शेजारच्या वहिनी नाशिकहून न्यू जर्सीला आल्यापासून मला विचारतात, "अगं, हे एन-ई-ए काय असतं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

क्लूचा अर्थ नंतर लावा, आधी त्याचं रूप बघा. शेवटी 'अ‍ॅब्र.' (अ‍ॅब्रिव्हिएशन, म्हणजे लघुरूप) असेल, किंवा क्लूमधलाच एखादा शब्द 'ऑर्ग.' (ऑर्गनायझेशन), 'हॉस्प.' (हॉस्पिटल) असा तोडून लिहिला असेल, तर उत्तरही लघुरूपच. 'हॉस्प. एरियाज' असं अनेकवचन दिसलं की शेवटच्या चौकोनात हलक्या हाताने एस लिहून टाका. उत्तर ई-आर-एस (इमर्जन्सी रूम्स) निघो की ओ-आर-एस (ऑपरेटिंग रूम्स), तो एस टिकतो.

माझ्या सर्वांत आवडीच्या म्हणजे दिशा. अमुक शहराहून तमुक शहर कुठल्या दिशेला, असा क्लू असतो आणि चौकोन तीन. नकाशा पाठ नसला तरी अर्धं काम होतं, कारण तीन अक्षरी दिशा आठच आहेत. त्यांत मधलं अक्षर नेहमी एन किंवा एस, आणि शेवटचं नेहमी ई किंवा डब्ल्यू. सरावाला आपल्याकडचीच गावं घ्या: सीएसएमटीहून पुणं कुठे? ई-एस-ई, म्हणजे ईस्ट-साउथईस्ट. कोड्यात ई-एन-ई आणि ई-एस-ई फार भेटतात, कारण रचणाऱ्याला जाळी जुळवायला स्वर लागतात. एन-ई-ए वारंवार येतं तेही त्यामुळेच. शिक्षकांची संघटना विचारली तरी तेच, कलेला अनुदान देणारी सरकारी संस्था विचारली तरी तेच.

राज्यांची दोन अक्षरी टपाल-लघुरूपं इथे चालत नाहीत, कारण या कोड्यात उत्तर किमान तीन अक्षरांचं असतं. म्हणून जुनी रूपं लक्षात ठेवा. 'कॅलिफ. नेबर'ला तीन चौकोन असतील तर ओ-आर-ई (ऑरेगन) किंवा एन-ई-व्ही (नेवाडा), चार असतील तर ए-आर-आय-झेड (अ‍ॅरिझोना). मधून जाणाऱ्या उभ्या शब्दाचं एक अक्षर मिळालं की निकाल लागतो.

ई-एस-टी मात्र नीट ओळखून ठेवा. 'अंदाजे आकडा', 'स्थापना', 'न्यू यॉर्कची हिवाळ्यातली वेळ' या तिन्हींचं उत्तर तेच (एस्टिमेट, एस्टॅब्लिश्ड, ईस्टर्न स्टँडर्ड टाइम). क्लूमध्ये न्यू यॉर्कची वेळ विचारली असेल पण ऋतू सांगितला नसेल, तर ई आणि टी भरा आणि मधली जागा रिकामी सोडा. उन्हाळा असेल तर तिथे 'डेलाइट'चा डी येतो.

एक अपवाद. डी-एन-ए, नासा यांसारखी लघुरूपं पूर्ण नावापेक्षा जास्त रुळली आहेत, त्यामुळे त्यांच्या क्लूमध्ये 'अ‍ॅब्र.' असेलच असं नाही. 'स्पेस एजन्सी' एवढंच लिहिलेलं असतं.

सुरुवात सोमवारच्या कोड्याने करा. ते आठवड्यातलं सर्वांत सोपं. शनिवारचं सर्वांत अवघड. रविवारचं आकाराने मोठं, २१ बाय २१ चौकोनांचं, पण अवघडपणात साधारण गुरुवारच्या तोडीचं, तेव्हा त्याला घाबरू नका.