साजासाठी सागवानी पेटी

कोल्हापुरी साज कितीतरी घरांत अजून प्लास्टिकच्या डबीत नाहीतर कापडी बटव्यात गोळा करून ठेवलेला असतो. त्याची पानं पातळ पत्र्याची. एकमेकांवर घासली की कडा दुमडतात आणि तारेचे फासे गुंततात. साज पसरून, मोकळा राहील अशी पेटी ही लग्नातली फार चांगली भेट आहे. कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, साज घेतला असेल तर पेटी घरी करता येते. रोज दोन-तीन तास दिले तर आठवडाभराचं काम आहे. वाळवणीचे दिवस वेगळे.

पेटी सुरेख दिसणं तितकं अवघड नसतं. एप्रिल-मेमध्ये केलेली पेटी जुलै-ऑगस्टच्या ओलीत टिकणं अवघड. लाकूड पावसात त्याच्या रेषांना (तंतूंना) आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. खालची बरीचशी मापं त्याच हिशोबाने धरली आहेत.

आधी साज कागदावर इंग्रजी यू आकारात ठेवा, भोवती बोटभर जागा सोडून चौकट आखा. साजाची लांबी सारखी नसते, म्हणून हे टाळू नका. इथे बाहेरचं माप २५० × १८० मिमी आणि उंची ६५ मिमी धरली आहे.

लाकूड सागवान. जुन्या वाड्याच्या तुळईचं किंवा दाराचं मिळालं तर उत्तम, कारण ते मुरलेलं असतं. मात्र आतले खिळे चुंबकाने शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात जातील. टिंबर मार्केटमधून नवं घेतलंत तर १ इंची फळी सॉ मिलवर जाडीतून उभी चिरून दोन पातळ फळ्या करून घ्या. चिरलेल्या फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या दोन-तीन आठवडे सावलीत रचा. नुकती चिरलेली फळी लगेच रंधली तर दोन दिवसांत वाकते. बाजूंसाठी १ मीटर लांब, ६५ मिमी रुंद, रंधून १० मिमी जाड पट्टी लागेल. झाकणाला ८ मिमी जाड फळी, तळाला ४ मिमी प्लाय, सजावटीला शिसवीचे तुकडे, १ इंची पितळी बिजागऱ्या २ आणि एक कडी.

पट्टी कापण्याआधीच आतल्या अंगाला दोन खोबणी पाडा, दोन्ही ४ मिमी रुंद, ५ मिमी खोल. वरची खोबण वरच्या कडेपासून ४ मिमीवर, खालची खालच्या कडेपासून ५ मिमीवर. मग लांब, आखूड, लांब, आखूड याच क्रमाने तुकडे कापा आणि १ ते ४ आकडे घाला. असं केलं की लाकडाची रेषा तीन कोपऱ्यांवरून न तुटता फिरते. चौथा कोपरा मागे ठेवायचा.

कोपरे ४५ अंशांचे. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे आठ कापांत मिळून ४ अंश, आणि ती सगळी शेवटच्या कोपऱ्यात फट होऊन दिसते. करवतीने जरा जास्त ठेवून कापा, मग ४५ अंशांच्या ठोकळ्याला टेकवून रंध्याने कोन आणा. माप २५० ऐवजी २४९ झालं तर बिघडत नाही, पण समोरासमोरच्या बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. जोडी एकत्र धरून नखाने कडेवर फिरवा. डोळ्याला न दिसलेला फरक नखाला कळतो.

झाकणाची फळी २३९ × १६८ मिमी, रेषा लांबीच्या दिशेने. इतकी रुंद फळी नसेल तर दोन जोडा. चारही कडांना वरून ५ मिमी रुंद, ४ मिमी खोल खाच पाडली की खाली ४ मिमीची जीभ उरते आणि ती खोबणीत बसते. रुंदीला खोबणीत दोन्हीकडे १-१ मिमी मोकळं राहतं, आणि ते मुद्दाम ठेवायचं. एवढी सागवानी फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दीड मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. फट दिसू नये म्हणून घट्ट बसवली तर तीच फळी कोपरे उचकटते.

सजावट याच वेळी करा. झाकणाच्या मधोमध साजाच्या पानासारखं शिसवीचं ३ मिमी जाड पान बसवायचं. पान फळीवर धरून सुरीच्या टोकाने भोवती रेघ ओढा, आत पटाशीने २ मिमी खणा, फेविकॉल लावून ठोका, सुकल्यावर रंध्याने सपाट करा. पानाची रेषा आणि फळीची रेषा एकाच दिशेला हवी. आडवी बसवलीत तर पावसाळ्यात एका टोकाला फट पडेल.

जोडणीला शिकंजे (लाकूड आवळून धरणारे क्लॅम्प) लागत नाहीत. चारही तुकडे बाहेरचं अंग वर करून ओळीत मांडा, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावा आणि उलटवा. सागवान तेलकट असतं, म्हणून कोपरे स्पिरिटने पुसा आणि पाव तासाच्या आत फेविकॉल लावा. कापलेलं तोंड फेविकॉल पितं. पहिला हात पाणी घालून पातळ, पाच मिनिटांनी दुसरा दाट. तळाचा प्लाय (२३९ × १६९) फेविकॉलसह, झाकणाची फळी कोरडी. फक्त तिच्या दोन्ही आखूड कडांच्या मध्यावर एकेक थेंब, म्हणजे ती खडखडत नाही आणि दोन्हीकडे सारखी फुगते. आता सगळं गुंडाळून चौकोन बंद करा आणि कर्ण मोजा. दोन्ही ३०८ मिमी भरले पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्ण हाताने दाबून सारखा करा. रात्रभर हलवू नका.

पेटी आता सगळ्या बाजूंनी बंद आहे, झाकण नंतर कापून वेगळं करायचं. कोपऱ्यांत वरून १६, ३५ आणि ४८ मिमीवर करवतीने ९ मिमी खोल चिरा पाडून शिसवीच्या पातळ चिपा बसवा. सांध्याचा खरा जोर या चिपांत आहे, शिवाय सागवानावर काळ्या रेघा शोभून दिसतात. सुकल्यावर वरून २५ मिमीवर भोवती रेघ आखून झाकण कापा. आधी चारही बाजूंना ३ मिमी खोल फिरून घ्या, मग लांब बाजू पूर्ण. त्या चिरांत जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे सरकवून पट्टीने बांधा आणि मगच आखूड बाजू कापा, म्हणजे करवत अडकत नाही. सपाट कडप्प्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, कडांवर पेन्सिलच्या खुणा करा आणि खुणा पुसेपर्यंत घासा.

बिजागरीची खाच पत्र्याच्या जाडीइतकीच हवी. खोल झाली तर झाकण मिटताना मागे ताण येऊन पुढे उघडं राहतं, उथळ राहिली तर मागे फट दिसते. पितळी स्क्रू नरम असतो, सागवानात मुंडी तुटून येते. भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळीला साबण लावून बसवा.

पॉलिशसाठी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. मलमलीत कापसाचा बोळा बांधून पातळ हात मारा, पाच-सहा हात पुरतात. मध्ये ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा. पावसाच्या दिवशी हे काम नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरकं पडतं.

अस्तराला मखमल. पुठ्ठ्यावर कापसाचा थर, वर मखमल, कडा मागे वळवून फेविकॉलने चिकटवा. स्पंज आणि रबरी सोल्युशन टाळा. स्पंज काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या साजालाही ते बाधतं. कापण्याआधी मखमलीवरून हात फिरवून लव कुठल्या दिशेला झुकते ते पाहा आणि प्रत्येक तुकड्यामागे बाण काढा. एक तुकडा जरी उलटा लागला तरी तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. पेटी आठ दिवस उघडी ठेवा, वास पूर्ण गेला की मगच साज आत ठेवा.