इंग्रजीतली ग्रीक नावं कशी उकलावीत

मी भाषांतरं करते, आणि एकदा ‘टँटलायझिंग’ला बेधडक ‘चविष्ट’ लिहून मोकळी झाले. तेव्हापासून रीत ठरली: शब्दात माणूस लपलाय असं वाटलं की आधी त्याची गोष्ट शोधायची. ग्रीक पुराणातला टँटलस शिक्षा भोगत पाण्यात उभा. प्यायला वाकला की पाणी ओसरतं, हात उंचावला की फळांची फांदी वाऱ्याने दूर जाते. म्हणजे शब्दात चव नाहीच, हुलकावणी आहे.

मग गोष्टीतला नेमका कोणता तुकडा इंग्रजीने उचलला ते पाहा. ग्रीक पुराणातल्या अ‍ॅटलासने आकाश पेललं होतं, पृथ्वी नव्हे (चित्रं हमखास फसवतात). मानेचा पहिला मणका कवटी पेलतो, म्हणून तोही अ‍ॅटलास. नकाशांच्या पुस्तकाला मात्र हे नाव नकाशाकार मर्केटरच्या १५९५च्या संग्रहामुळे चिकटलं, आणि त्याच्या मनात होता उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाचा त्याच नावाचा राजा! नेमेसिस ही पापाचं माप पदरात घालणारी देवी. आज नुसता कट्टर प्रतिस्पर्धीही नेमेसिस. ‘ड्रॅकोनियन’मध्ये (म्हणजे अतिकठोर) ड्रॅगन शोधू नका, तो अथेन्सचा कडक कायदेकर्ता ड्रॅको, इसवी सनपूर्व सातव्या शतकातला.

फिलिप, जॉर्ज अशा नावांना गोष्ट लागत नाही, ती नावं फोडायची. ‘फिलॉस’ प्रिय, ‘हिप्पोस’ घोडा. फिलिप झाला अश्वप्रेमी. तोच घोडा हिप्पोपोटॅमसमध्ये नदीत उतरलाय. जॉर्ज शेतकरी. थिओडोर आणि डोरोथी शेजारी लिहून बघा: ‘थिऑस’ देव, ‘डोरॉन’ देणगी, फक्त क्रम उलटा.