फोटोतली गर्दी गायब करायची असेल तर
१८३८ च्या सुमारास छायाचित्रणाचा एक जनक लुई दागेरने पॅरिसमधला बुलव्हार द्यू तांप हा रस्ता खिडकीतून टिपला. रस्त्यावर वर्दळ होती, पण फोटोत तो ओस दिसतो, कारण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं आणि चालणारं कुणी उमटलंच नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस.

ही लबाडी आजही चालते. ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारी गडद काच, घ्या. फिल्टरविना १/३० सेकंद लागत असेल, तर आता साधारण ३० सेकंद लागतील. फोकस आधीच करून लॉक करा. फिल्टर लावल्यावर काळोखच दिसतो. भर उन्हात इतकं लांब एक्स्पोजर मिळणं कठीण, ढगाळ सकाळ बरी. सेल्फीवाले मात्र हटेपर्यंत शटर दाबू नका, ते हमखास उमटतात.