स्पेसमधला रंग जुळवायचा गेम एकट्याने बनवताना काय काय झालं (नवीन लोकांसाठी)

आधीच सांगतो, मी काही मोठा गेम डेव्हलपर वगैरे नाही. दिवसा बिलिंग सॉफ्टवेअरची नोकरी, जीएसटीचे रिपोर्ट, आणि रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून हा उद्योग. प्ले स्टोअरवर एकच गेम आहे माझा, तोही छोटासा, आठ बाय आठचा बोर्ड, शेजारच्या दोन गोट्यांची अदलाबदल करायची, तीन सारखे रंग ओळीत आले की फुटतात आणि वरचे खाली घसरतात. ऑफिसमधली ज्युनियर पोरं विचारतात की दादा सुरुवात कुठून करू, दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

पहिले तीन महिने मी अक्षरशः वाया घालवले. यानाचं नाव काय, कॅप्टन कसा दिसतो, परग्रहावरचे लोक कुठली भाषा बोलतात, सगळं वहीत लिहून तयार, आणि बोर्ड मात्र चालतच नव्हता. तुम्ही उलटं करा. साधे रंगीत चौकोन टाका, आवाज नको, स्टोरी नको, आणि ते नुसते चौकोन फोडायला मजा येते का बघा. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, कुठलं यावर भांडत बसू नका. मी गोडो घेतलं कारण फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, एवढंच.

आता थोडं गणित, घाबरू नका. बोर्ड नुसता रँडम भरला तर काय होतं? आठ बाय आठमध्ये सलग तीन घरांच्या आडव्या 48 आणि उभ्या 48 अशा 96 जागा असतात. रंग पाच असतील तर एका जागी तिन्ही सारखे यायची शक्यता 25 मध्ये 1, म्हणजे खेळाडूने हात लावायच्या आधीच सरासरी चारेक तिकड्या तयार! चार रंगांना सहा येतात, सहा रंगांना पावणेतीनच्या आसपास. उपाय सोपा आहे, घर भरताना डावीकडची दोन आणि वरची दोन बघायची, ती जोडी सारखी असेल तर तो रंग वगळायचा. पण या आकड्यांतून कळतं ते महत्त्वाचं, की गेम सोपा की अवघड हे लेव्हलच्या डिझाइनपेक्षा रंग किती यावर जास्त ठरतं. मी आधी चार ठेवले होते, एक चाल केली की धडाधड आपोआपच फुटत राहायचं, बायको म्हणाली, "अहो हा गेम स्वतःच खेळतोय, मी काय करू?" मग पाच केले. आणि चालच उरली नाही असा बोर्ड येऊ शकतो, तेही तपासा. शेजारच्या घरांच्या अदलाबदली मोजून 112 होतात, फोनला तेवढ्याचं काहीच वाटत नाही.

सगळ्यात जास्त रडवलं ते ॲनिमेशनने. गोटी खाली पडत असतानाच कोणीतरी दुसरी सरकवायचं, आणि स्क्रीनवर लाल दिसतेय पण आत नोंद हिरव्याची, असा घोळ. दोन आठवडे बग शोधला. शेवटी कळलं की मी पडद्यावरच्या चित्रालाच बोर्ड समजत होतो. बोर्ड म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता, निकाल आधी तिथे लागला पाहिजे, चित्र मागून येऊन फक्त झालेलं दाखवतं. हे पहिल्या दिवशी वेगळं ठेवलंत तर माझ्यासारखे केस जाणार नाहीत.

आता रंग. आधी मी गोट्या म्हणजे तारे केले होते, निळा, पिवळा, लाल आणि हिरवा. एका मित्राने, जो आकाशदर्शनाला जातो, त्याने लगेच पकडलं, की डोळ्याला हिरवा दिसणारा तारा दाखव बघू कुठे आहे. खरंच नसतो. ताऱ्याचा रंग तापमानाप्रमाणे लाल, पिवळट, पांढरा, निळसर असा जातो, मध्ये हिरवा लागतच नाही कारण तिथे सगळे रंग मिसळून पांढरं दिसतं. मग तारे काढले आणि मूलद्रव्यं घेतली. वायू होऊन चमकताना प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगांचाच प्रकाश देतं, त्या एकेका रंगाला रेषा म्हणतात आणि तिची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. हायड्रोजन लाल, 656 नॅनोमीटरची रेषा. सोडियम पिवळा, 589, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा तोच. पारा निळा, अरगॉन जांभळट, आणि हिरवा ऑक्सिजन, तेजोमेघांत, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या चमकणाऱ्या ढगांत, 500.7 ला खरोखर दिसतो तो. या रेषेने तर शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं चकवलं होतं, 1864 मध्ये हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाला दिसली, नवीनच मूलद्रव्य असेल म्हणून नेब्युलियम नावसुद्धा पडलं, आणि 1927 मध्ये बोवेनने दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच. माझी वहीतली अख्खी स्टोरी फेकली आणि हीच गेमची स्टोरी केली.

एवढं करून खूश होतो, आणि दिवाळीत मामाच्या हातात फोन दिला. मामा बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "अरे, यातले दोन सारखेच आहेत की रे." लाल आणि हिरवा. पंचावन्न वर्षांचा माणूस, त्याला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं, मामी तर म्हणाली तरीच ते कच्चे टोमॅटो उचलून आणतात. त्या रात्री प्रत्येक रंगाला आकार दिला, हायड्रोजन गोल, ऑक्सिजन षटकोनी, सोडियम चौकोन, पारा थेंब, अरगॉन त्रिकोण. तुम्ही स्क्रीनशॉट काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तरी खेळता आला पाहिजे. अजून एक, रात्री लोक फोनचा पिवळट मोड लावतात, त्यात माझा पिवळा आणि पांढरी चमक एक व्हायची, हे मला उजेडात मॉनिटरसमोर बसून कधीच दिसलं नसतं.

पब्लिश करायचं थोडक्यात. गूगल प्लेची नोंदणी फी 25 डॉलर, एकदाच. कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून ठेवा, माझं बंद होतं आणि मी उगाच दिवसभर साइटला शिव्या घालत बसलो. वैयक्तिक खातं नवीन असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी तो वापरून बघणारे निदान 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, आधी ते 20 होते. नातेवाईक पटकन हो म्हणतात आणि चौथ्या दिवशी टेस्टमधून बाहेर पडतात, त्यामुळे अठराएक जण धरा. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवसांत सगळ्या लेव्हल संपवल्या आणि जिन्यात अडवून विचारलं, पुढच्या कधी टाकतोयस. अजून टाकल्या नाहीत, लिफ्टने जातो.